न विझणाऱ्या मेणबत्त्या

१८ नोव्हेंबर

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच भिरकावशील, असं आप्पांचं म्हणणं. मी म्हटलं, फोडेल, निदान माझ्या चुका काढायला तरी फोडेल. फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस. तेव्हा आता टपालवाल्याची पायपीट, आणि तिचं पाप तुझ्या माथी.

आमचं सगळं छान चाललंय. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तुझ्यावाचून आमचं अडलं अशी गोड समजूत तुला करून घेता येणार नाही. तुझ्याशिवायची ही दुसरी तोडणी. द्राक्षं उशिरा पिकली, पण अशी गोड की तोडणाऱ्या बायकांची बोटं एकमेकांना चिकटत होती. रस पिंपांत भरला, थोडे दिवस मजेत फसफसला, आणि मग थंडी अवेळीच अशी कोसळली की आंबणं मध्येच थांबलं. वाइन अजून गोडच आहे. सल्लागारांनी पिंपाला कान लावला, काचेच्या नळीत काहीतरी बघितलं आणि म्हणाले, "झोपली ती आता. बुचं ठोकून टाका." सल्लागार म्हणजे आपल्या बागायतदारांच्या संघानं तुझ्या जागी आणलेला माणूस. आणखी तीन संघांचं काम बघतो, त्यामुळे आमच्याकडे अधूनमधूनच उगवतो. माणूस सभ्य आहे. तुझ्यासारखा अंगावर धावून येत नाही.

मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळचा पहिला पेला यंदा आपल्यापुरता नाही. मोठ्या शहरांतले दुकानदार, हॉटेलवाले, सगळ्यांना बोलावलंय. निमंत्रण मी स्वतः लिहिलं: "पेटत्या मेणबत्त्या हाती धरून आपण सारे रांगेनं तळघरात उतरू. खोऱ्यातले सर्वांत थोरले बागायतदार नव्या वाइनचं पिंप उघडतील. पिंपासमोर गुडघे टेकून आपण नव्या वर्षाचा पहिला घोट घेऊ." वाचून खजिनदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, लग्नपत्रिका लिहितेयस का.

यंदा सर्वांत थोरले आप्पाच आहेत. त्यांच्या गुडघ्यांनी आता पार संप केलाय, त्यामुळे त्यांना खुर्चीतून खाली न्यावं लागेल. पहिला पेला कुणाच्या हातात देणार असं विचारलं की छताकडे बघतात. मला काय ते कळतं. तुलाही कळेल.

येशील ना? नाही आलास तरी बिघडत नाही म्हणा.

ताई


३ डिसेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझं मौन मी लहानपणापासून ओळखते. जेवायला वाढलं की सुटायचं ते.

आज नुसती बातमी देते. वरचा नवा हॉल झाला. मधोमध जमिनीत ती काच बसलीये, तिच्यावर उभं राहिलं की खालचं सगळं तळघर दिसतं. पिंपांच्या दोन रांगा, मधली वाट, टोकाला आप्पांचं जुनं पिंप. लोक पहिल्यांदा पाय ठेवायला घाबरतात, मग लहान पोरांसारखे त्यावर उड्या मारतात. हो, तीच काच, जुन्या झरोक्यावरची, जिच्यावरून तू भर बैठकीत भांडलास. झरोक्यातून खाली फरशीपर्यंत सोडलेली तुझी पत्र्याची नळी आणि तिच्या तोंडाशी घरघरणारा पंखा, दोन्ही काढून शेडमध्ये ठेवलेत. कुणी भंगारात दिलेले नाहीत, मी बघून आले. त्या बैठकीत माझाही हात वर होता हे तू विसरणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. पण किल्ल्या टेबलावर आपटून कायमचं निघून जाण्याएवढं काय घडलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. आप्पा रागात बोलले, "तळघराबाहेर जग असतं हे तुला कधी कळलंच नाही." बोलले असतील. बापाचं बोलणं कुणी एवढं मनाला लावून घेतं का?

दुकानदारांना बोलावण्यामागे हौस नाही, हेही सांगते. गेल्या वर्षीची वाइन अजून आमच्याकडेच पडून आहे. यंदा ह्या लोकांनी हात धरला नाही तर वसंतात निम्मी घरं वेली उपटून टाकणार आहेत. उताराकडचे दोघे तर उघड बोलतात. आप्पांसमोर अजून कुणी बोललेलं नाही.

तळघरात बर्फासारखा गारठा आहे. पाहुणे काय म्हणतील म्हणून खजिनदारांनी मोठे विजेचे हीटर आणलेत. परवापासून चालू केले. दोनच दिवसांत भिंतींचा ओलावा ओसरला, आता खाली इतकं उबदार आहे की बुचवाली दुपारची डुलकी तिथेच काढते. बुचवाली म्हणजे तुझीच ती, पिंपांची बुचं बघणारी, पिंपांशी बोलणारी आणि माणसांशी भांडणारी. तिनं तुला विचारल्याचं सांग म्हणून सांगितलंय.

तळघरातली मांजर मात्र हल्ली दिसत नाही. ऊब आवडली नसेल.

ताई


१४ डिसेंबर

धाकट्या,

आज लिहिल्यावाचून राहवेना. वाइन गातेय.

थट्टा नाही. बुचवाली धावत वर आली आणि माझा हात धरून मला खाली घेऊन गेली. प्रत्येक पिंपातून बारीक सूं सूं येतंय, लांबून ऐकलं तर बायका जात्याशी बसून गुणगुणतायत असं वाटावं. एक बूच तर टक्‌ करून उडालं आणि तिच्या कपाळाला लागलं. ती हसत सुटली. सगळं खोरं बघायला येऊन गेलं. जो तो म्हणतो, नवं वर्ष चांगलं जाणार, वाइन आधीच सांगतेय. आप्पांना पायऱ्यांच्या तोंडाशी बसवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "धाकटा असता तर पिंपाला कान लावून नाव सांगितलं असतं, कोणत्या बागेचं ते." दोन वर्षांत चारचौघांत तुझं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं. मी पदर नीट करायच्या निमित्तानं पाठ फिरवली. मला रडू आलं होतं.

सल्लागारांना फोन लावला. ते सुट्टीवर आहेत. म्हणाले, "उबेनं थोडी जागी झाली असेल, थोडा वायू सुटतो, दार उघडं ठेवा." दार उघडं ठेवलं तर सगळी ऊब बाहेर जाते, म्हणून खजिनदारांनी संध्याकाळपासून पुन्हा लावून घेतलं. दिवसा उघडू आम्ही. आठवण झाली की.

सहज विचारते, काही घाई नाही. थांबलेली वाइन डिसेंबरात पुन्हा आंबायला लागते का? आणि लागली तर चांगलंच ना? तुझ्याकडे तिथे वेळ असेल तर एका ओळीत कळव. नसेल तर राहू दे, इथे सल्लागार आहेतच.

हो, आणि बुचवालीनं तळघरात झोपणं बंद केलंय. उठल्यावर डोकं ठणकतं म्हणते. वय झालं तिचं.

ताई


२३ डिसेंबर

धाकट्या,

तीन पत्रं झाली. टपालवाला मला बघितलं की आता स्वतःच मान हलवतो, बिचाऱ्याला वाटतं मी कुणा प्रियकराला लिहितेय.

काल रंगीत तालीम केली. संघातली सगळी घरं आली होती, हातात मेणबत्त्या, बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. हॉलमधून पायऱ्यांनी खाली रांग निघाली तेव्हा मलाच भरून आलं. आणि मग सगळी शोभा झाली. पायऱ्या संपायच्या आधीच पुढच्यांच्या मेणबत्त्या विझायला लागल्या. पेटवल्या, विझल्या. पुन्हा पेटवल्या, पुन्हा विझल्या. उंच धरल्या तर जळत होत्या, गुडघ्यापाशी आणल्या की फक्कन जायच्या. पिंपासमोर गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा एकही जळत नव्हती. अंधारात सगळे एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. खजिनदार म्हणाले, "फरशीलगत वारा आहे. कुठून तरी झोत येतोय."

मीही म्हटलं, वारा असेल. मग सगळे वर गेल्यावर मी एकटीनं एक मेणबत्ती पेटवून वाकून फरशीवर ठेवली. ज्योत हलली नाही. वारा असता तर हलली असती. ती नुसती लहान लहान होत गेली आणि विझली. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला का सांगतेय, देव जाणे.

तू म्हणायचास, मेणबत्ती विझली की मागे फिरायचं, नाटकं करायची नाहीत. सगळं पाठ आहे मला. आंबताना पिंपांतून जड वायू निघतो, पाण्यासारखा तळाशी साचतो, दिसत नाही, वास येत नाही, आणि त्यात बसलेला माणूस झोप आल्यासारखा जातो. पण तो नियम तोडणीच्या दिवसांचा, तू स्वतः फक्त तेव्हाच पाळायचास. डिसेंबरात मेणबत्त्या नुसत्या शोभेच्या. आपल्या लहानपणी किती वेळा उतरलो आपण, कधी विझल्या का? खजिनदारांचं हेच म्हणणं आहे, आणि आता ऐन वेळी पाहुण्यांना नको म्हणून कळवलं तर पुढच्या वर्षी आपण कुणाला बोलावणार, आणि कशासाठी?

तोडगा निघाला. खजिनदार शहरात जाऊन बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन आले. हुबेहूब मेणाच्या दिसतात, ज्योत लुकलुकते सुद्धा. फुंकर मारा, उलट्या धरा, विझत नाहीत. सगळे खूश आहेत. आप्पांनी एक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही कशासाठी जळते?" त्यांचं हल्ली असंच काहीतरी असतं.

मांजर सापडली. शेवटच्या पिंपामागे, मोरीच्या तोंडाशी. अंगावर कुठे जखम नाही. मीच ती कागदात गुंडाळून वेलींच्या बांधाला पुरली. म्हातारी झाली होती.

धाकट्या, बंद तळघरात वारा कुठून येईल, तेवढं कळव. नुसता निरोप धाडलास तरी चालेल. संघाच्या ऑफिसात फोन केलास तर मी उचलणार नाही, दुसरं कुणी उचलेल, म्हणजे तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

ताई


३१ डिसेंबर, दुपार

धाकट्या,

पाहुणे यायला अजून अवकाश आहे. हॉल सजलाय, पेले पुसून उपडे मांडलेत, मला करायला काही उरलं नाही, म्हणून काचेशेजारी खुर्ची ओढून लिहायला बसलेय. बागेतली बुचवाली सोडली तर बाकीचे सगळे पाहुण्यांना आणायला खाली रस्त्यापर्यंत गेलेत. खजिनदारांनी नवा कोट घातलाय, त्यात ते न्हावी दिसतात, पण आज कुणी त्यांना तसं सांगायचं नाही असं ठरलंय.

तुझा फोन आला नाही. मी सकाळपासून ऑफिसातून हललेच नव्हते, हे सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

मी खजिनदारांना म्हटलं होतं, आपण पिंप वर आणून हॉलमध्येच उघडू या. ते म्हणाले, "अध्यक्षीणबाई, लोक तळघर बघायला येतायत." मग आप्पांना विचारलं. मला वाटलं ते तरी नाही म्हणतील, म्हणजे माझ्यावर येणार नाही. ते म्हणाले, "मी आयुष्यभर खाली गेलो, आज वर बसू?" मी त्यांची टोपी झटकून दिली.

पहिला पेला देणारा आधी एकटा पिंपापाशी बसतो, तुला माहीतच आहे. आजोबा बसायचे, नंतर मोठे काका. आप्पा तर आठवडाभर त्याचीच वाट बघत होते. मघाशी दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. खुर्ची बुटकी, बागेतली, दुसरी पायऱ्यांवरून वळत नाही. ठेवून वर आले तेव्हा दोघेही कठड्याला धरून उभे राहिले, एकाला उलटीसारखं झालं. म्हणाले, आप्पा वजनदार आहेत आणि खाली उकडतंय. दार मी उघडं ठेवायला सांगितलं. ठेवलंय.

इथून मला आप्पा दिसतात. डोक्यावर टोपी, अंगावर तू आणलेली राखाडी शाल. हो, तीच. दोन वर्षं ट्रंकेत होती, आज मागून घेतली. हातात मेणबत्ती. बसल्यावर त्यांनी वर पाहिलं, काचेतून मला बघून हात केला. मग पिंपावर हात ठेवून काहीतरी बोलले. तुझ्याशीच बोलले असतील. मला ऐकू येत नाही, काच जाड आहे.

आता डुलकी लागलीये वाटतं. मान खाली गेलीये. मी पायानं काचेवर ठकठक केलं, पण त्यांना कमी ऐकू येतं. झोपू देत थोडा वेळ. लोक आले की उठवीन. सकाळपासून दाढी, टोपी, शाल म्हणून दमलेत. मेणबत्ती छान जळतेय, म्हणजे सगळं ठीक आहे.

मेणबत्ती त्यांच्या हातातून सुटून फरशीवर पडली. तरी तशीच जळतेय, लुकलुकतेय सुद्धा. खजिनदारांनी चांगली वस्तू आणली म्हणायची. खरी असती तर केव्हाच विझली असती, आणि


१ जानेवारी

धाकट्या,

आप्पा आहेत. हे आधी लिहिते. श्वास चालू आहे. डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, वाट बघायची, आणि कशाची ते सांगत नाहीत. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. कालचं अर्धं पत्र पर्समध्ये तसंच आहे, तेही याच पाकिटात घालते. त्यात काही बदललेलं नाही.

मी खाली धावत गेले नाही. पायऱ्यांच्या तोंडापर्यंत गेले, देवळीतली खरी मेणबत्ती पेटवली, अर्ध्या पायऱ्या उतरून हात लांब करून खाली धरली. विझली. तिथे उभी राहिले. तू मला शिकवलं होतंस, विझली की मागे फिर, पहिल्याला आणायला जातो तो दुसरा होतो. आप्पा माझ्या हाकेच्या अंतरावर होते आणि मी मागे फिरले. हे मी आयुष्यभर कुणाला समजावून सांगू शकणार नाही. तुलाच फक्त समजेल.

वर येऊन अग्निशमनवाल्यांना फोन केला आणि लोखंडी बाकाच्या पायानं काच फोडली. एका घावात फुटत नाही ती. बुचवालीनं आवाज ऐकला आणि तिनं बागेतला फवारणीचा पंखा ओढत आणला. मग शेडमधली तुझी नळी. ती आम्ही दोघींनी झरोक्यातून खाली सोडली, तू ठेवायचास तशी, फरशीपर्यंत, आणि पंख्याचं तोंड तिला लावलं. पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा आम्ही दोघी काचांमध्ये गुडघे टेकून बसलो होतो. निमंत्रणात लिहिलं होतं तसंच. अग्निशमनवाले मुखवटे लावून खाली उतरले आणि आप्पांना वर घेऊन आले. त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं, नळी सोडली नसती तर वर आणायला आप्पा उरले नसते.

पाहुणे परत गेले. खजिनदार त्या कोटात भिंतीशी बसून राहिले होते, मीच त्यांना पाणी दिलं. वेली कोण ठेवतं आणि कोण उपटतं ते आता वसंतात कळेल. आज मला त्याचं काही वाटत नाही.

सकाळी बुचवाली येऊन गेली. पिंपं अजून गुणगुणतायत म्हणाली. हीटर बंद केलेत, पण भिंतींनी ऊब धरून ठेवलीये. कुणी खाली उतरलेलं नाही. फुटक्या झरोक्यातून तिनं वाकून पाहिलं, आप्पांच्या खुर्चीपाशी ती मेणबत्ती अजून जळतेय.

आजवर सहज विचारलं, जाता जाता विचारलं, येणार नसशील तरी चालेल असंही लिहिलं. ते सगळं खोटं होतं. पिंपांचं काय करायचं ते आमच्यातल्या कुणालाही कळत नाही. आप्पांनी शाल अजून घट्ट धरली आहे, नर्सला ती सोडवता आली नाही. तू ये.

ताई